सर्व्हरची झाडलोट



आमच्या घरी जिन्याखाली एक काळा डबा दिवसरात्र घुरघुरत असतो. तो आमचा सर्व्हर. मुलांनो, सर्व्हर म्हणजे कधी न झोपणारा संगणक. त्यात आमचे सगळे फोटो आहेत आणि मुख्य म्हणजे सांगलीच्या आजीने फोनवर सांगितलेल्या गोष्टी आहेत, तिच्याच आवाजात. आजी आता नाही. त्यामुळे या डब्याची प्रकृती हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

संगणकाचे दोन शत्रू, उष्णता आणि धूळ, आणि दोघांची दोस्ती! संगणक जेवढी वीज खातो, तेवढी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती धातूच्या पातळ पात्यांवरून पंख्याच्या वाऱ्याने निघून जाते. पात्यांवर धूळ साचली की भर उन्हात गोधडी पांघरल्यासारखे होते. मग पंखा जोरात फिरतो आणि आणखी धूळ आत ओढतो.

आम्ही महाराष्ट्रात इंजिनिअरिंग शिकत होतो तेव्हा काँप्युटर लॅबच्या दाराशी चपलांची रांग असे. नवख्याला देऊळच वाटावे! कारण साधे होते, रस्त्यावरची माती आत नको. रीडिंगला रस्त्याची धूळ कमी, पण घरातली पुष्कळ. कार्पेटचे तंतू, कपड्यांचा कोंडा, आपल्याच त्वचेचे कण. म्हणून आमचा सर्व्हर जमिनीवर नसतो. तो हातभर उंच फळीवर असतो आणि त्याच्या मागे वीतभर जागा मोकळी असते. जिन्याखालच्या कपाटाचे दार आम्ही काढून टाकले, कारण बंद कपाटात तीच गरम हवा पुन्हा आत जाते. लॉफ्टचा तर विचारही केला नाही. उन्हाळ्यात तिथे कौलांखाली भट्टी पेटते.

मोठ्या यंत्रांचेही दुखणे हेच. आपल्या शिनफील्ड पार्कमधल्या युरोपीय हवामान केंद्रात अनेक वर्षे महासंगणक होते. २०२२ मध्ये ते काम इटलीतल्या बोलोन्याला गेले. उद्याचे ऊन किती ते सांगणाऱ्या त्या यंत्रांनाही आधी स्वतः थंड राहावे लागे! १९ जुलै २०२२ रोजी या देशात पाऱ्याने प्रथमच चाळिशी ओलांडली. लिंकनशायरमधील कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले. त्या दिवशी लंडनच्या गाय्ज आणि सेंट थॉमस रुग्णालयांची दोन डेटा सेंटर उष्णतेने बंद पडली आणि तिथल्या लोकांना कागदावर काम करावे लागले. आम्ही त्या दोन दिवसांत आमचा सर्व्हर सरळ बंद ठेवला. सिनेमा पाहता येईना म्हणून मुले कुरकुरली, पण यंत्राला सुट्टी मिळाली.

एरवी दर तीन महिन्यांनी एका रविवारी झाडलोट असते. सर्व्हर रीतसर बंद करायचा आणि प्लग काढायचा. हवा आत जाते तिथल्या जाळ्या कोमट पाण्याने धुवायच्या आणि पूर्ण वाळवायच्या. मग डबा बागेत न्यायचा, धूळ मऊ ब्रशने सुटी करायची आणि दाबलेल्या हवेच्या डब्याने उडवायची. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवण्याचा मान धाकटीचा. तो भरारा फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालायचा नाही. त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते आणि तिचा एक झटका नाजूक चिपला पुरतो. सगळे जोडून झाले की हार्ड डिस्कचे तापमान पाहायचे. चाळीस अंशांच्या आत असले की आम्ही चहा ठेवतो.

एवढे करूनही यंत्र ते यंत्रच. म्हणून आजीच्या गोष्टींची एक प्रत सांगलीला मामाकडे आहे.

दसऱ्याला आपण पाटी-पुस्तके आणि हत्यारे पुजतो, तेव्हा सर्व्हरचीही पूजा होते. पण हळदकुंकू म्हणजेही पूडच, म्हणून ओल्या बोटाने झाकणावर एकच टिळा, आणि फूल जाळीपासून लांब!

मुलांनो, तुमच्या घरच्या संगणकाची जाळी कुठे आहे ते या रविवारी शोधा. आईबाबांना सोबत घ्या आणि आधी प्लग काढा. किती धूळ निघाली ते पुढच्या वर्गात सांगा, अर्थातच मराठीत!