डावरी पाटी

जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरला की बाईंना पोरांची नावं पाठ व्हायच्या आधी त्यांचे हात ओळखीचे होतात. कुणी पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत आवळलेली असते, कुणी ती सरळ तोंडात घातलेली, तर कुणी पाटी सोडून शेजाऱ्याच्या पाठीवर रेघोट्या ओढत बसलेलं. बीडजवळच्या पालीसारख्या गावात या गलक्यात डाव्या हातानं लिहिणारं एखादंच लेकरू दिसतं, आणि तेवढ्यावरून त्याचं नाव पडतं. डावरा, नाहीतर डावरी. हजेरीपटावरचं नाव मग फक्त हजेरीपुरतं.

पण एखादंच का? जगभरच्या मोजदादीत शंभरात दहाएक माणसं डावखुरी निघतात. त्या हिशेबानं तीस पोरांच्या वर्गात तिघं तरी हवीत. बाकीची जातात कुठे? कुठेही नाही, तिथेच असतात, उजव्या हातात पेन्सिल धरून. त्यांचा निकाल शाळेत लागत नाही. तो अंगणवाडीच्याही आधी, ताटावर लागलेला असतो.

“आरं, त्यो हात धुयाचा. ह्या हातानं खाय.” एवढंच. आजी मारत नाही, ओरडतही नाही. नातवाच्या डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात देते आणि आपल्या भाकरीकडे वळते. दिवसातून दोनदा, वर्षभर. पाठोपाठ प्रसाद येतो, तीर्थ येतं, दुकानदाराला पैसे देणं येतं. मग दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून पाटीपूजन होतं आणि घरातलं मोठं माणूस पोराचा हात धरून ‘श्री’ काढून घेतं. कुठला हात धरायचा, हा प्रश्न त्या ठिकाणी कुणाच्या मनातही येत नाही.

ताटापुरतं आजीचं म्हणणं मला पटतं. ज्या जिल्ह्यात उन्हाळा आला की टँकरची वाट बघावी लागते, तिथे एक हात खाण्याचा आणि एक धुण्याचा, ही वाटणी शहाणपणाचीच होती. पाटीला मात्र कुणी खरकटं लावत नाही. ताटाचा नियम पाटीला कशाला?

हाताचा कल लेकरू शाळेतून आणत नाही, आईच्या पोटातूनच आणतं. बेलफास्टच्या पीटर हेपर या मानसशास्त्रज्ञानं सोनोग्राफीत गर्भ कुठला अंगठा चोखतो हे पाहून ठेवलं आणि तीच मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठली. 2005 साली हे काम प्रसिद्ध झालं. पोटात उजवा अंगठा चोखणारी 60 मुलं होती, ती सगळी उजवी निघाली. डावा चोखणारी 15 होती, त्यांतली 10 डावखुरी झाली आणि 5 उजवीकडे वळली. ही पाच मला फार आवडतात. हात म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे, हे ती सांगतात. दोन-तीन वर्षांचं पोर आज या हातानं चमचा धरतं, उद्या त्या हातानं. चार-पाच वर्षांचं होईतो बहुतेकांचं ठरून जातं. तोवर घाईनं ‘आमचं डावरं हाय’ म्हणून मिरवू नये आणि घाबरूही नये.

हा कल शाळेत किती दाबला जायचा, ते एका वेगळ्याच पाहणीत दिसलं. अमेरिकेत 1986 साली एका मोठ्या मासिकानं वासांची पाहणी केली. दहा लाखांहून अधिक वाचकांनी उत्तरं पाठवली, आणि त्यात लिहायचा हात कोणता हेही विचारलं होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्यांत डाव्या हातानं लिहिणारे शंभरात तीन-चारच भरले, आणि पुढच्या पिढ्यांत तो आकडा दहाच्या वर गेला. गर्भातले अंगठे काही बदलले नव्हते, मास्तर बदलले होते. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मारायला आणि मानसिक छळायला बंदी केली. बोटांवर उभी पट्टी बसायचे दिवस त्यामुळे कागदावर तरी संपले. ताटासाठी असं कलम नाही, आणि असू नयेच.

आता त्या एखाद्याच डावऱ्या लेकराच्या शेजारी बसून बघा. आपली अक्षरं डावीकडून उजवीकडे चालतात. उजवा हात लिहिलेलं मागे सोडत पुढे सरकतो. डावा हात मात्र लिहिलेल्या अक्षरावरूनच पुढे जातो. ‘कमळ’ लिहून होतं तेव्हा ‘क’ची पांढरी भुकटी करंगळीखालच्या मांसल कडेला लागलेली असते आणि पाटीवर नुसतं ‘मळ’ उरतं. पोरगी हात बघते, पाटी बघते, पुन्हा ‘क’ काढते. त्यानं ‘ळ’ पुसला जात नाही, एवढंच सुख. शिरोरेषेची पाळी आली की आणखी गंमत. बाकीची पोरं ती डावीकडून उजवीकडे ओढतात. हिला तशी पेन्सिल ढकलावी लागते, ती करकरते आणि अंगावर शहारे आणते. म्हणून ही उजव्या टोकाला पेन्सिल ठेवते आणि रेघ आपल्याकडे ओढून घेते. रेघ सरळ येते. बाई म्हणतात, उलटी ओढलीस. पण ओढून झालेल्या रेघेला उलट-सुलट काय असतं? पाटीला ते कळतही नाही.

आकड्यांत ३ आणि ६ ही जोडी वाईट. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली ही दोन भावंडं पाच वर्षांच्या पोराला आरशातली एकच वस्तू वाटते. छत्तीस सांगितले की त्रेसष्ट येतात. असं उलटं लिहिणं डावरीच करतात असा समज आहे, तो खरा नाही. उजवी पोरंही या वयात सर्रास करतात आणि सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं आपोआप सुटतं. डावऱ्याचं तेवढं डोळ्यांवर येतं.

पुसल्या जाणाऱ्या ‘क’वर उपाय आहे आणि तो बीडकरांना परका नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि सरकारी शाळांत मुख्यतः उर्दू चाले. त्या काळात शिकलेली म्हातारी माणसं उजव्या हातानं उजवीकडून डावीकडे लिहीत, म्हणजे आज आपल्या डावऱ्या पोरीची जी अडचण, तीच त्या सगळ्यांची होती. शाई ओली, हात अक्षरांवरून जाणारा. पण त्यांची पानं काही बरबटलेली नसत. मनगट ओळीच्या खाली ठेवायचं, कागद थोडा कलता घ्यायचा आणि हात खालून चालवायचा. बीडच्या उर्दू शाळांतली पोरं आजही असंच लिहितात आणि त्यांना कुणी डावरं म्हणत नाही. आपल्या पोरीला एवढंच शिकवायचं: पाटीचं वरचं टोक उजवीकडे कलतं कर, पेन्सिल टोकापासून दोन-तीन बोटं वर धर, हात ओळीखाली ठेव. आणि बाकावर तिला डाव्या टोकाला बसवायचं, नाहीतर शेजारच्या उजव्या पोराचं कोपर आणि हिचं कोपर यांची दिवसभर टक्कर.

खरं तर लिहायची एवढी घाई कशाला, असं ताराबाई मोडकांनी कधीच विचारलं होतं. त्यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडला बालवाडी चालवली, तिथे हातांना आधी माती, वाळू, पानं, गोट्या मिळत. अक्षर मागून. मातीत खेळणाऱ्या हाताला उजवा-डावा कुणी विचारत नाही.

पालीत घाईचं कारण वेगळं असतं. जूनमध्ये शाळा सुरू होते, पावसाळा चांगला झाला तर बिंदुसरा धरण भरून सांडव्यावरून पाणी पडतं आणि बीडहून माणसं बघायला येतात. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशीच मुकादमाच्या वहीत मोजदाद. काही पोरं सोबत जातात, काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. म्हणजे पोर लिहू लागलं न लागलं तोच घर हलतं. त्या तीन-चार महिन्यांत बाईंनी हात बदलायला घेतला तर डावा सुटतो, उजवा बसत नाही, आणि पाडव्याला पोर फडावरून परततं ते दोन्ही हातांनी अडाणी होऊन. जो हात चालतो त्याच हातावर बाराखडी उतरवून घेतली, तर निदान ती सोबत जाते.

मोठेपणी दुसरा हात शिकता येत नाही असं नाही. 1909 मध्ये बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना गांधीजींचा उजवा हात दुखू लागला, तेव्हा त्यांनी चाळीसेक पानं डाव्या हातानं लिहून काढली. पण तो चाळिशीतल्या माणसाचा स्वतःचा निर्णय होता.

आजीला हे सगळं सांगून उपयोग नसतो. तिच्यासाठी एकच दाखला ठेवलेला असतो आणि तो गावोगावी वापरला जातो. सचिन तेंडुलकर बॅट उजवी धरायचा, चेंडू उजव्या हातानं टाकायचा, पण लिहितो, सही करतो ती डाव्या हातानं. पारावर कुणीतरी हे मोठ्या आवाजात सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि विचारलं, “लिव्हू दे की. त्यो जेवतो कंच्या हातानं, ते सांग.”