सव्वीस दिवसांची साखळी

राखेच्या बुधवारी मिस्सामध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. उपवास करताना चेहरा पाडून फिरू नका, तोंड धुवा, लोकांना दाखवू नका, असं येशू त्यात सांगतो. मी ते ऐकलं, कपाळावर राख घेतली आणि चर्चच्या पायऱ्यांवरच मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकलं. संकल्प : चहा बंद. पाळलेल्या प्रत्येक दिवसाला एक हिरवी खूण.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसाला सहा चहा पिणारा. पहिला आठवडा डोकं दुखलं. मग खुणांची साखळी वाढू लागली तशी मजा येऊ लागली. कुणी चहाला बोलावलं की ‘माझा उपवास आहे’ हे मी जरा मोठ्यानेच सांगायचो.

चौथ्या रविवारी वसईला घरी गेलो. आजीने परसातली गवती चहाची पात घालून चहा केला होता.

“मी सोडलाय, आजी.”

“आज रविवार ना रे?”

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की ४० उरतात. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नसतो. हे मला माहीत होतं. अ‍ॅपला माहीत नव्हतं. आणि २६ दिवसांची साखळी मला मोडवेना. मी नकोच म्हणालो. आजीने कपावर बशी झाकली.

रात्री आई म्हणाली, “राखेच्या बुधवारपासून आजीने साखर सोडलीय. आज रविवार, त्यात तू येणार, म्हणून तिने गोड चहा केला होता.”

घरात फक्त आईला हे कळलं होतं, तेही डबा भरलेलाच राहिला म्हणून.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन कॅसियन इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांकडे राहिला होता. त्याने लिहून ठेवलंय, एरवी कडक उपवास करणारी ती माणसं पाहुणा आला की उपवास सोडून त्याच्यासोबत जेवायची. मी पाहुणा होतो. तरीही अडून बसलो ते मीच.

पुढच्या रविवारी पुन्हा वसईला गेलो आणि न बोलता कप पुढे केला. आजीने काही विचारलं नाही. दोघांनी गोड चहा प्यायला. अ‍ॅपवर शून्य आलं.

आता हे लिहिताना मात्र शंका येतेय, मी आणखी एक हिरवी खूण तर करत नाही ना?