पडद्यापुढची साथ

पुणे

चि. मुक्ता,


रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पाहून आलीस आणि त्याच रात्री मला विचारलंस, “मावशी, आपले जुने सिनेमे असे का नाही गं दाखवत?” उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

वर पडदा आणि खाली जिवंत वाद्यवृंद, हा थाट तुम्हा मुलांना नवा वाटतो, पण सिनेमाची सुरुवातच तशी झाली. १८९५च्या डिसेंबरात ल्यूमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला, तेव्हा साथीला पियानो होता. पुढच्या जुलैत तो खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला आणि लवकरच नॉव्हेल्टी थिएटरात गेला. तिथे वाद्यवृंद ठेवलेला होता. फाळक्यांच्या काळातल्या थिएटरांत पेटी आणि तबला असे. पडद्यावर देव प्रकटला की पेटीवाला सूर बदलायचा, लढाई लागली की तबलजीचे हात तापायचे. मोठ्या युरोपीय चित्रगृहांत पूर्ण वाद्यवृंद नोकरीला असत.

मग बोलपट आला. संगीत फितीवरच छापलं जाऊ लागलं आणि युरोप-अमेरिकेत थिएटरमधल्या हजारो वादकांचा रोजगार गेला. आपल्याकडे १९३१मध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडद्यापुढची पेटी हळूहळू उठली. वादक थिएटरातून स्टुडिओत गेले. प्रेक्षकांना ते दिसेनासे झाले ते तेव्हापासून.

त्यांना परत पुढे आणलं ते विलायतेत. १९८०मध्ये लंडनला आबेल गान्सचा ‘नेपोलियन’ हा जवळपास पाच तासांचा मूकपट दाखवला गेला. केविन ब्राउनलो यांनी तो तुकडा तुकडा गोळा करून जोडला होता, आणि संगीत रचून स्वतः वाद्यवृंद चालवला कार्ल डेव्हिस यांनी. बोलपटाची पाळी १९८७मध्ये आली. आयझेनस्टाइनच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’चं प्रोकोफिएव्हने केलेलं संगीत अप्रतिम, पण १९३८चं ध्वनिमुद्रण फार वाईट. मग लॉस एंजेलिसमध्ये संवाद तेवढे फितीवरचे ठेवून संगीत जिवंत वाजवलं गेलं. तू पाहिलास तो ‘रिंग्ज’चा खेळ या रूपात प्रथम झाला २००८मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्नला.

आता यात अवघड काय, ते बघ. पडदा हा असा गवई आहे की त्याला साथ ऐकूच येत नाही. तो थांबत नाही, सावरून घेत नाही, समेवर मान हलवत नाही. दर सेकंदाला चोवीस चित्रं, त्यात फरक नाही. म्हणून वाद्यवृंदाच्या संचालकासमोर एक छोटा पडदा असतो. त्यावर तोच सिनेमा चालू असतो, फक्त अधूनमधून एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि ती टोकाला पोहोचली की प्रकाशाचा ठिपका चमकतो. तो क्षण गाठायचा. काही ठिकाणी कानात ठोक्यांचा आवाजही दिलेला असतो. आणि इतकं करून संगीत यंत्रासारखं वाजता कामा नये, हेही आलंच.

या सगळ्याला दोन गोष्टी लागतात. एक, प्रत्येक वाद्याचं नोटेशन. दोन, संवाद आणि संगीत वेगवेगळे असलेले ट्रॅक. आपलं घोडं इथेच अडतं. आपल्याकडे नोटेशन लिहिलंच जात नव्हतं असं मात्र समजू नकोस. संगीतकार चाल सांगायचा आणि व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो यांच्यासाठी ती कागदावर मांडायचे अरेंजर, त्यातले बरेचसे गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन मुलांना शिकवलं जाई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. पण रेकॉर्डिंग संपलं की त्या कागदांचं काम संपलं, ते जपायला हवेत असं फारसं कुणाला वाटलं नाही. त्यात गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच दालनात गात-वाजवत. आवाज ठेवून वाद्यं बाजूला काढायची सोयच नव्हती.

म्हणून आपल्याकडे दोन टोकांनाच हे जमलं आहे. १९२८चा ‘शिराज’ मूकपट, त्यामुळे त्याला नवं संगीत देता येतं. अनुष्का शंकर यांनी ते रचलं आणि २०१७मध्ये लंडनला आणि मग मुंबईतही जिवंत वाजवलं. दुसरं टोक ‘बाहुबली’चं, तो २०१९मध्ये तुझ्या त्याच अल्बर्ट हॉलमध्ये वाद्यवृंदासह झाला. मधली जी दशकं, ज्यांत आपलं उत्तमोत्तम चित्रपटसंगीत झालं, ती जवळजवळ रिकामी आहेत.

तरी हे कायमचं गेलं असं मी मानत नाही. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओनेही आपल्या संगीतपटांचे कागद असेच टाकून दिले होते. जॉन विल्सन नावाच्या इंग्रज संचालकाने ते सिनेमे पुन्हा पुन्हा ऐकून एकेका वाद्याची ओळ कानाने लिहून काढली, आणि २००९च्या बीबीसी प्रॉम्समध्ये ते संगीत वाजलं, तेही अल्बर्ट हॉलमध्येच. मिसळलेल्या मुद्रणातून आवाज आणि वाद्यं वेगळी काढणारी साधनंही आता आली आहेत. तेव्हा उरतं ते बसून लिहिण्याचं काम. त्याला पैसा लागेल, हक्कांची परवानगी लागेल, पण सर्वांत आधी तयार कान आणि चिकाटी लागेल.

तुला पाश्चात्त्य नोटेशन येतं आणि घरात गाणं ऐकत तू वाढलीस. ‘आवारा’तलं स्वप्नदृश्य घे. त्यात संवाद जवळजवळ नाहीतच, आणि वाद्यवृंद भरगच्च आहे. पहिल्या मिनिटाची फक्त व्हायोलिनची ओळ लिही आणि मला पाठव. चुकेल तिथे दोघी मिळून ऐकू. दुसरं, इथल्या जुन्या वादकांपैकी जे आहेत ते आता थकले आहेत. सुट्टीत येशील तेव्हा त्यांच्यापैकी कुणाकडे तरी जाऊ, आणि काय कसं वाजवलं ते विचारून ठेवू. हे काम पुढच्या पिढीवर टाकण्याइतका वेळ आता नाही.

तब्येतीला जप. पत्राचं उत्तर सावकाश दे, पण नोटेशन लवकर पाठव.

तुझी,
मावशी