नांदी ठरली, अंजू

प्रिय अंजू,

"सध्या काय बसवतेयस?" एवढंच विचारून तू मोकळी झालीस, पण उत्तर लांबलचक आहे. तेव्हा चहा करून घे आणि निवांत वाच.

येत्या हंगामात तीन नाटकं हातात आहेत आणि तिन्ही जुनी. एक निर्मात्याकडून आलं, एक कॉलेजसाठी करतेय, आणि तिसरं निव्वळ माझ्या हट्टाचं. स्वतःची संस्था नसली की जो बोलावेल त्याच्याकडे पुस्तक काखोटीला मारून जायचं. या वर्षी समोरच्यांनी ते उघडून वाचलं, आणि त्या आनंदात मी अजून आहे.

पहिलं 'संशयकल्लोळ'. तालमी सुरू झाल्यात. देवलांनी हे आधी गद्यात लिहिलं होतं, १८९३ मध्ये, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने. मोलिएरचं १६६० चं 'स्गानारेल', त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजीत केलेलं 'ऑल इन द राँग', आणि त्यावरून देवलांचं हे. पदं घालून गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं १९१६ मध्ये. बालगंधर्वांची रेवती, गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव. म्हणजे पदं येण्याआधी वीसेक वर्षं हे नाटक नुसत्या संवादांवर उभं होतं. म्हणूनच ते इतकं घट्ट विणलेलं आहे. काटछाट करायला बसले की एकेक वाक्य सोडवून पाहावं लागतं. वरवर फालतू वाटणारं भादव्या नोकराचं बोलणं काढावं, तर पुढच्या प्रवेशात फाल्गुनरावाचा संशयच उभा राहत नाही.

पदांचं काय करायचं हा खरा प्रश्न. सगळी ठेवली तर प्रयोग रात्रभर चालेल, आणि थिएटर आपल्याला मोजक्या तासांसाठी मिळतं. "चार फेमस पदं ठेवा, बाकी उडवा," असं निर्माते म्हणाले. मी वेगळा निकष लावला. या नाटकात जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवून आहे. खिडकीतून बघतोय, पडद्याआडून ऐकतोय. स्वतःशी खरं बोलायला माणसाला जागा मिळते ती फक्त पदात. तेव्हा ज्या पदात पात्र मनातलं बोलतं ते राहणार, मग ते लोकांना पाठ असो वा नसो. गायकाला दाद मिळावी एवढ्यासाठीच असलेलं पद जाणार. ट्रॅक लावायचा नाही. ऑर्गन आणि तबला पिटात, आणि गाणं जागेवर. गाता येतं आणि विनोदाचं टायमिंगही आहे, अशी मुलगी शोधायला पावसाळा गेला. पण रेवती मिळालीय, आणि अशी मिळालीय की तू ऐकशील तर विमानाचं तिकीट काढशील.

रेवतीबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती नायकिणीची मुलगी, आणि तिला लग्न करून संसार करायचाय. अश्विनशेठचं तिच्यावर प्रेम आहे, तरी तिच्याविषयी वाईट मानायला त्याला एक क्षण पुरतो. फाल्गुनराव आपल्या बायकोवर, कृत्तिकेवर, संशय घेतो तो त्याच्या स्वभावामुळे. रेवतीवरच्या संशयाला मात्र गावाचा आधार आहे. देवल हे सगळं हसत हसत मांडतात. 'शारदा' लिहिणारा माणूस आहे हा, बाईच्या बाजूने बघायचं विसरत नाही. हे प्रेक्षकांपर्यंत पोचवायचं तर प्रहसन पूर्ण जोरात खेळलं पाहिजे. जुनं नाटक करताना नट प्रेक्षकांकडे बघून सूचक हसतात ना, "बघा कसे होते तेव्हाचे लोक" अशा थाटात, ते मला अजिबात खपत नाही. फाल्गुनरावाला खरोखर घाम फुटला पाहिजे. त्याची आग खरी असली की लोक आपोआप हसतात.

आता तसबीर. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, कृत्तिका ते वरून बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि तिथून सगळा गोंधळ. ही वस्तू शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे आणि कृत्तिकेच्या पदराआड मावलीही पाहिजे. पोस्टकार्डाएवढी केली तर दिसेना, मोठी केली तर लपेना. शेवटी आमच्या नेपथ्यवाल्याने तळहाताएवढी चौकट केली आणि तिला पितळेचा रुंद काठ लावला. रेवतीच्या हातून निसटताना स्पॉट त्या काठावर पडतो, झळाळी मारतो, आणि मग ती कुठेही लपवली तरी प्रेक्षकांना पक्कं माहीत असतं की ती कुठे आहे.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या रद्दीत या नाटकाची एक प्रॉम्प्टरची प्रत मिळाली. कडा झडलेल्या, पिना गंजलेल्या, आणि समासात पेन्सिलीने जागोजागी 'थांब'. मजा अशी की 'थांब' हे हशाच्या वाक्यानंतर नाही, त्याच्या आधी लिहिलंय. आम्ही तसं करून पाहिलं. कृत्तिकेने बोलण्याआधी एक श्वास घेतला, आणि कोपऱ्यात हिशोब करत बसलेला मॅनेजर मान वर करून हसला. कुणा अनोळखी माणसाने हे पेन्सिलीने आपल्यासाठी ठेवलंय असं वाटून मला भरून आलं. जुन्या नाटकांवर माझा जीव का, ते विचारशील तर ही प्रत तुझ्या हातात देईन.

कॉलेजसाठी 'आंधळ्यांची शाळा' करतेय. वर्तकांनी ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरून लिहिलेलं, 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ मध्ये केलेलं. पुस्तकांत ते 'स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, खऱ्या भिंती-दारांचं नेपथ्य आलं' एवढ्यापुरतं उरलंय. विषय कुणी सांगत नाही: मुलीकडून चारित्र्याची अपेक्षा करता, तशीच मुलाकडूनही करा. पहिल्या वाचनालाच मुलामुलींत जोरदार वाद झाला. मी थांबवला नाही.

आणि माझा हट्ट म्हणजे जोतीरावांचं 'तृतीय रत्न'. १८५५ चं. सांगलीला विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' झालं १८४३ मध्ये. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी इतकं रोखठोक गद्य! जोशीबुवा गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून गरीब जोडप्याला नागवतो, आणि विदूषक मध्ये मध्ये त्याचं पितळ उघडं पाडतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं, आणि छापून यायला १९७९ उजाडलं. त्याचं वाचन करतोय, वस्तीतल्या अभ्यासिकेत. स्टेज नाही, दिवे नाहीत. विदूषक लोकांत बसेल आणि तिथूनच उठून बोलेल. ते जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला निघतं, म्हणून आम्हीही संध्याकाळी, पोरं अभ्यासाला जमतात त्याच वेळी वाचणार.

पैशांचं विचारू नकोस. तिसऱ्यात कुणालाच काही नाही, पहिल्यात सगळ्यांना ठरलेली नाइट मिळेल, आणि मधली कसर मालिकांच्या वर्कशॉपमधून निघतेय.

आता तुझं काम. 'संशयकल्लोळ'ची नांदी पूर्ण म्हणायची, हे ठरलं. अश्विनशेठच्या एका पदावर मात्र माझं आणि ऑर्गनवाल्या काकांचं जमत नाही. त्यांना ते ठाय लयीत हवंय. मला वाटतं तो चिडलेला आहे, त्याने जरा रेटून गावं. दोन्ही तऱ्हांनी गाऊन घेतलंय, रेकॉर्डिंग सोबत जोडलंय. तू इतकी वर्षं पेटीवर साथ केलीस, तुझ्या कानावर माझा भरवसा आहे. रविवारपर्यंत कळव, सोमवारी पुन्हा बसतोय.

तुझी,
मीरा