आठ किंवा सोळा

नाशिकहून त्र्यंबकची एसटी धरली की सातपूरच्या कारखान्यांची रांग लवकर संपत नाही. बेळगाव ढगा, महिरावणी मागे पडलं की कुठे मोकळं रान लागतं आणि डावीकडे अंजनेरीचा कातळ उभा राहतो. उंची सुमारे ४२०० फूट. हनुमानाचा जन्म इथलाच, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. म्हणून फाट्यावर उतरणारे बहुतेक जण थेट गडाची, अंजनीमातेच्या देवळाची वाट धरतात. मी गावातच थांबलो. मला ओढ होती ती इथं सापडलेल्या ताम्रपटांची.

म. म. वा. वि. मिराशींनी ते वाचून प्रसिद्ध केले. हरिश्चंद्र कुळातल्या भोगशक्ती राजाचे हे ताम्रपट, कलचुरी संवत ४६१ च्या सुमाराचे, म्हणजे इसवी सन ७१० च्या आसपासचे. बदामीच्या चालुक्यांचा तो मांडलिक. त्यातल्या एका मजकुरात सामगिरिपट्टण हे उजाड झालेलं नगर, भोवतीच्या वाड्यांसह, पुन्हा वसवल्याची नोंद आहे. ओसाड गावात माणसं परत यायची तर त्यांना काय द्यावं लागतं, याचा इतका नेमका विचार मी दुसऱ्या कुठल्या दानपत्रात पाहिलेला नाही. व्यापाऱ्यांना जकात माफ. राजाच्या अधिकाऱ्यांचा मुक्काम आणि शिधा गावानं सोसायचा नाही. निपुत्रिक मेलेल्याचं धन राजानं घ्यायचं नाही. गुन्ह्यांचे दंडही ठरवून दिलेले. आणि पुढे ज्या कलमासाठी मी आलो ते: नगरातले आठ किंवा सोळा वडीलधारे विचार करून जे ठरवतील, ते प्रमाण.

राजा आपल्या हातातला निवाडा गावाकडे सोपवतो आणि ते तांब्यावर कोरून ठेवतो. तेराशे वर्षांपूर्वी.

आज १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम सांगतो की पंचायतीत किमान सात आणि जास्तीत जास्त सतरा सदस्य असावेत. ताम्रपटातले आठ आणि सोळा हे आकडे सात आणि सतरा यांच्या मध्ये बसतात. हा योगायोगच, पण एकमेकांना तोंडानं ओळखणारी माणसं बसून निर्णय घेऊ शकतील तो आकडा दोन्ही काळांना जवळपास सारखाच सापडला, हे मला महत्त्वाचं वाटतं. फरक मात्र फार मोठा आहे. त्या वडीलधाऱ्यांत बाई असेल असं वाटत नाही. आता निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आदिवासीबहुल त्र्यंबकेश्वर तालुक्यात महादेव कोळी, ठाकर, वारली, कातकरी यांच्या वाड्यापाड्यांचा आवाज पंचायतीत यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

गावात आणि पायथ्याला जुन्या देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत, काही जैन, काही शैव-वैष्णव. एका जैन देवळात शके १०६३ चा, म्हणजे ११४१ च्या सुमाराचा यादव सेऊणचंद्राच्या काळचा लेख आहे. चंद्रप्रभ तीर्थंकराच्या देवळाला दुकानांचं उत्पन्न दिल्याचं तो सांगतो. म्हणजे ताम्रपटांनंतर चारशे वर्षांनीही या परिसरात पेठ होती, आणि देवळाचा खर्च पेठ चालवत होती. आता पेठ नाही. नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था मात्र याच गावात आहे, हे छान जुळून आलं आहे, कारण ताम्रपटांत व्यवहार मोजला आहे तो ‘कृष्णराज रूपक’ या चांदीच्या नाण्यात.

गडाचा ५.६९ चौरस किलोमीटर भाग २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. कड्यांवर गिधाडं आहेत, आणि सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात ओळखली गेली ती याच डोंगरावर. गडापर्यंत गाडीरस्ता नेण्याचा बेत निघाला तेव्हा निसर्गप्रेमींनी कडाडून विरोध केला, आणि तो योग्यच होता. तरी मला टोचतं ते वेगळंच. सरकारचा बेत आणि शहरातल्या लोकांचा विरोध, या दोन्हींच्या गलबल्यात पायथ्याच्या गावाचं म्हणणं ऐकू येत नाही.

म्हणणं मांडायची जागा आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात आणि महिलांची सभा त्याआधी. सर्वसाधारण नियमानुसार गणपूर्ती म्हणजे पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यातलं जे कमी असेल ते. पण ती न भरल्यानं सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. थोडी माणसं बसून गावाच्या नावे ठराव करू शकतात. सिंहस्थ तोंडावर आहे, त्र्यंबक रस्ता रुंद होतो आहे, रस्त्याकडेच्या जमिनींचे भाव चढले आहेत. येत्या वर्षा-दोन वर्षांत अंजनेरीपुढे पिढ्यांचे निर्णय येणार आहेत. ते तहकूब सभेत होऊ नयेत. पहिल्याच सभेला पाड्यांवरच्या बायाबापड्यांसह शंभर माणसं बसलेली असावीत.