पोरी, वाट तू दाखव

आमच्या वस्तीतील मुलांना मोबाईल उत्तम हाताळता येतो; पण उत्तर दिशा कुठली, असे विचारले की बहुतेक जण गप्प बसतात. दोष मुलांचा नाही. नकाशा भूगोलाच्या पेपरपुरता आणि डोंगर सहलीपुरता. ज्या घरात सहलीची वर्गणी परवडत नाही, तिथे तोही नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही कार्यकर्त्यांनी अकरा मुलामुलींना पुण्याच्या वेताळ टेकडीवर नेले आणि 'जिओकॅशिंग' हा खेळ शिकवला.

हा खेळ अमेरिकेतला. जीपीएस उपग्रहांचे संदेश तेथील सरकार सर्वसामान्यांसाठी मुद्दाम कमी अचूक ठेवीत असे. मे २००० च्या आरंभी ते बंधन उठले. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली लपवली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने वहीत नाव लिहायचे, एक वस्तू घेतली तर दुसरी ठेवायची.

आमचा डबा साधा, प्लॅस्टिकचा. आत वही, पेन्सिली, खोडरबर. डबा पुरायचा नाही, आत खाऊ ठेवायचा नाही. बेवारस डब्याची लोकांना धास्ती वाटते. म्हणून वनरक्षकांना आधी सांगितले, डब्यावर मराठीत 'खेळाचा डबा' असे लिहिले आणि खेळ संपताच तो परत आणला. लेणी, किल्ले, अभयारण्ये येथे डबे लपवू नयेत.

आम्ही कारकून माणसे. एका आकड्याची किंमत जाणतो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. मिनिटांच्या दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक एकाने चुकला की आपण १८५ मीटर दूर! एका गटाने ३ च्या जागी ४ लिहिले आणि भलत्याच खडकाभोवती घिरट्या घातल्या. त्या दिवशी मुलांना दशांश समजला. आकडे बरोबर असले तरी मोबाईल उघड्यावर पाच-दहा मीटरपर्यंतच नेतो. पुढे आपले डोळेच कामाला लावावे लागतात.

दुसऱ्या फेरीत मोबाईल पिशवीत ठेवले. हाती फक्त कागदी नकाशा आणि होकायंत्र. आपल्याकडे हिवाळ्यात भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते, हेही दाखवले.

नववीतील एका मुलीचे वडील आधी म्हणाले होते, "पोरीला रानात कशाला?" शेवटी स्वतःच सोबत आले. एका फाट्यावर ते उजवीकडे वळले. मुलीने नकाशा होकायंत्राशी जुळवला आणि म्हणाली, "पप्पा, तिकडून नाही, इकडून." ते क्षणभर थांबले आणि मुकाट्याने तिच्या मागून चालू लागले. डबा तिच्याच गटाला सापडला.

पालकांनो, होकायंत्र नसले तरी सावली फुकट आहे. महिन्यातून एक रविवार मुलांना, आणि मुलींना तर आवर्जून, मोकळ्यावर न्या. सोबत राहा, पण वाट त्यांना शोधू द्या.