मामा आणि मिडी

‘वीस सेकंदांची सिग्नेचर ट्यून पाहिजे. बजेट? बघू ना यार, तूच कर काहीतरी!’

फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल. एका पॉडकास्टचं स्क्रिप्ट माझ्याकडे होतं, त्यात ही ट्यूनही गळ्यात पडली. आणि मला एकदम अकोल्याचा मामा आठवला.

मामा म्हणजे ऑर्केस्ट्रातला की-बोर्ड प्लेअर. गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद... बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत टेम्पोत बसून त्यानं वीस वर्षं प्रोग्रॅम केले. मग गायक पेन ड्राइव्हवर ट्रॅक घेऊन यायला लागले. चार वादकांचं मानधन वाचतं ना! मामाचा की-बोर्ड कव्हरमध्ये गेला आणि कव्हर कपाटावर.

माझा प्लॅन एकदम सोप्पा होता. मामाचा की-बोर्ड, माझा लॅपटॉप, मध्ये एक केबल. झालं म्युझिक प्रोग्रॅमिंग! अमरावतीहून एसटी पकडली. याच अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटरचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला गेला आणि गिनीज बुकात नाव लागलं. म्हणजे पाच दिवसांच्या आत एवढा रस्ता! आमची हातभर केबल मात्र पहिला अख्खा दिवस जुळली नाही.

आवाज गेला कुठे?

‘आली का वं? आनि हे डबडं कायले आनलं?’ लॅपटॉप बघून मामाचा पहिला प्रश्न. मामीनं की-बोर्ड पुसून दिला. जुना असल्यामुळे त्याच्या मागे पाच पिनांच्या दोन गोल जागा, मिडी इन आणि मिडी आऊट. तुमचा की-बोर्ड नवा असेल तर बहुतेक यूएसबी पोर्ट असेल. तो चौकोनी असला तर प्रिंटरची वायरसुद्धा चालून जाते. मी मात्र आऊटमध्ये आऊट आणि इनमध्ये इन असं लिहिल्याबरहुकूम खोचलं. ढिम्म! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ट्यूब पेटली. एकाच्या आऊटमधून निघालेला सिग्नल दुसऱ्याच्या इनमध्ये जायला हवा. सोपं आहे, पण सुचत नाही.

पिना बदलल्या. मामानं ‘सा’ दाबला. स्क्रीनवर एक छोटी रेघ उमटली, पण लॅपटॉप मुका तो मुकाच.

‘मंग वायरीतून गेलं काय?’ मामानं विचारलं.

लाख मोलाचा प्रश्न! कारण मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. जाते ती फक्त खबर. कुठली पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली. जोर मोजायला १ ते १२७ असे आकडे. या खबरीवरून पियानो वाजवायचा की सतार, हे कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरला सांगायचं असतं. मी तेच विसरले होते. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि १९८३ साली ही भाषा ठरली. त्याबद्दल दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मामाचा म्हातारा की-बोर्ड आणि माझा कोरा लॅपटॉप एकमेकांची बोली समजतात, ती यांच्या कृपेनं.

सॉफ्टवेअरमध्ये पियानो निवडला. आवाज आला... पण दोनदा! एक की-बोर्डचा, एक लॅपटॉपचा. की-बोर्डच्या मेन्यूत जाऊन लोकल कंट्रोल ऑफ केला. आता एकच आवाज, पण तोही उशिरा. मामानं हातच उचलले. ‘माह्या बोटाच्या मागून येऊन राह्यला आवाज. असं नाही जमत बाप्पा.’

तो उशीर म्हणजे लेटन्सी. विंडोजचा साधा ड्रायव्हर काढून आसिओ ड्रायव्हर टाकला, बफर १०२४ सॅम्पलवरून १२८ वर आणला. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर बफरचा उशीर साधारण २३ मिलिसेकंदांवरून ३ वर येतो. मामाला हा हिशोब ठाऊक नव्हता, पण फरक बोटांना लगेच कळला. तो मांडी घालून नीट बसला आणि वाजवत सुटला. मामी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

हे कोनं वाजवलं?

इथे मी अतिशहाणपणा केला. सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाचं एक बटण असतं. पुढेमागे पडलेला प्रत्येक सूर ते उचलून तालाच्या रेघेवर नेऊन बसवतं. मी दाबलं. मामा ज्या सुरावर हळूच मागे रेंगाळला होता, तो सूर शाळेच्या प्रार्थनेसारखा रांगेत येऊन उभा राहिला.

‘हे कोनं वाजवलं?’

‘तूच रे, मामा. फक्त जरा सरळ केलं.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘ट्रॅकात असंच वाजते. लोकायले असंच पाहिजे असन, तं मी कायले पाहिजे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अनडू केलं. रेंगाळलेला सूर पुन्हा आपल्या जागी गेला. स्क्रीनवर आकडे दिसत होते. एका सुराचा जोर ९४, लगेच पुढच्याचा ४१. हा चढउतार दुसऱ्या कुणाच्या बोटातून आला नसता. आवाज उद्या बदलता येईल, पियानोची बासरी करता येईल, पण हात मामाचाच राहील. शर्त एकच, कुणी तो सरळ करायला जाऊ नये.

परतीच्या एसटीत दुसरीच गोष्ट टोचत राहिली. पेन ड्राइव्हवाल्यांनी वादकांचे पैसे वाचवले, आणि मी? मी तेच केलं होतं, फक्त भाची म्हणून, गोड बोलून. मूर्तिजापूर यायच्या आत मी फोन लावला. ‘ट्यूनचे पैसे वेगळे लागतील. आणि वादकाचं नाव जाईल.’ पलीकडून आधी ‘बघतो’, मग एक किरकोळ आकडा. मी घासाघीस केली, थोडा वाढला. स्वतःसाठी मी इतकी कधी भांडले नव्हते.

पुढच्या महिन्यात पाकीट घेऊन अकोल्याला गेले. मामा नको-नको म्हणेल असं वाटलं होतं. तो काहीच म्हणाला नाही. प्रोग्रॅम संपल्यावर मोजायचा तसे त्यानं पैसे शांतपणे मोजले. मग त्यातल्या दोन नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

‘हे केबलचे. ते इथंच राहू दे.’

की-बोर्ड काही परत कपाटावर गेलेला नव्हता.